रात्रपाळीची तयारी : अमोनिया विभागातल्या नोंदी

३ जानेवारी २०२४

आजपासून ही वही वेगळी ठेवतोय. आमच्या डेअरीत दूध थंड करायला अमोनिया वापरतात. मेन्टेनन्सच्या लॉग बुकात कॉम्प्रेसरचं प्रेशर, तेलाची पातळी, आईस बँकेचं (दूध थंड करणाऱ्या बर्फाच्या पाण्याच्या टाकीचं) तापमान एवढंच लिहिलं जातं. तिथे माणसांची नोंद करायला रकाना नाही.

आधी डिसेंबरचा प्रकार लिहून ठेवतो. १९ तारखेला पहाटे रिसीव्हरखालचं, म्हणजे द्रव अमोनियाच्या टाकीखालचं तेल काढताना आमच्या जुन्या ऑपरेटरच्या, अण्णांच्या तोंडावर अमोनियाचा फवारा आला. डोळे धुवायचा शॉवर पंधरा पावलांवर होता, पण त्याला पाणी नव्हतं. शॉवर ठिबकायचा, फरशीवर शेवाळ धरायचं, म्हणून दिवाळीच्या आधी त्याची लाइन बंद करायला मीच सांगितलं होतं. दुरुस्ती राहून गेली आणि लाइन बंदच राहिली. बॉयलरवरच्या तात्यांनी अण्णांना कॅन धुवायच्या हौदापर्यंत ओढत नेलं आणि मगाने डोळ्यांवर पाणी ओतत राहिले. डॉक्टर म्हणाले, डोळे त्या पाण्यामुळे वाचले. अण्णा अजून घरीच आहेत.

आजच्या, म्हणजे २०२४ च्या कायद्याप्रमाणे हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. आमच्या डेअरीत १४० माणसं आहेत, त्यामुळे तसं पद नाही. मॅनेजर साहेबांकडे लेखी अर्ज देऊन सुरक्षेचं काम मागून घेतलं. त्यांनी विचारलं, "तुझ्या मागं आधीच एवढी कामं, हे कशाला अंगावर घेतोस?" शॉवरची लाइन कुणी बंद करायला सांगितली होती, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी सही केली.

५ जानेवारी, रात्री २.४०

न सांगता आलो. आपत्कालीन आराखडा २०११ सालचा, टाईप केलेला, २२ पानांचा. त्यात 'प्रमुख समन्वयक', 'बचाव पथक', 'प्रथमोपचार पथक', 'वाहतूक नियंत्रक' अशी १९ माणसांची नावं. त्यातली सहा निवृत्त झालीत, एक वारला. उरलेले सगळे सकाळी नऊला येणारे.

या क्षणी आवारात आहेत ते असे : कॉम्प्रेसरवर एक ऑपरेटर, बॉयलरवर तात्या, डॉकवर चार हमाल, पाश्चरायझरवर दोघं, गेटवर एक वॉचमन, आणि टँकर खाली होईपर्यंत केबिनमध्ये झोपलेला ड्रायव्हर. एकूण दहा. आराखड्यात यांच्यापैकी एकाचंही नाव नाही.

बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरातून श्वासाला हवा देणारे मास्क, स्टोअरमध्ये आहेत, दोन. स्टोअरला कुलूप. किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि तो सायंकाळी सहाला घरी जातो. त्याचं गाव ११ किलोमीटरवर.

हे वाचून मी तिथेच कॉम्प्रेसर रूमच्या पायरीवर बसलो. आराखड्याच्या नवीन प्रतीत सगळं काम रात्रीच्या या दहा जणांवरून सुरू करायचं. दिवसाची माणसं नंतर जोडता येतील.

१२ जानेवारी

महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आग विझवायची साधनं चालू असल्याचा फॉर्म ब चा दाखला परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो. एजन्सीची माणसं आज आली. दरवर्षी ती येतात, आग विझवायच्या सिलिंडरवर नवे स्टिकर चिकटवतात, जातात. या वेळी मी सोबत हिंडलो आणि प्रत्येक सिलिंडर खाली उतरवायला लावला.

३४ पैकी पाच डीसीपी (कोरड्या पावडरीच्या) सिलिंडरांतली पावडर दगडासारखी बसलेली. उलटा करून कानाशी धरला की आत पावडर सरकल्याचा आवाज यायला हवा, तो नाही. काटा मात्र हिरव्यात. काटा दाबाचं सांगतो, पावडरीचं सांगत नाही. सीओटू सिलिंडरांना तर काटाच नसतो, ते वजनावरच तपासावे लागतात. दुधाचा वजनकाटा घेतला आणि सगळे मोजले. इलेक्ट्रिक पॅनलजवळच्या दोघांमधला गॅस दहा टक्क्यांहून जास्त कमी. दहाच्या वर गेलं की भरून घ्यायचं, असा दंडक आहे. दोन्ही बाजूला काढले. एजन्सीचा पोरगा म्हणाला, असं वजन करायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पॅकिंगमधला एक सिलिंडर क्रेटच्या सात थरांमागे सापडला. पहिल्या पाळीतल्या मावशींना विचारलं, इथे सिलिंडर आहे हे माहीत होतं का? "व्हय की, त्याच्याच खाली आमचे डबे ठेवतो." डबे ठेवायला फळी करून दिली आणि फरशीवर पिवळा चौकोन रंगवून घेतला. त्यात क्रेट ठेवायचे नाहीत.

२४ जानेवारी

शॉवर पूर्ण झाला. ठिबकण्याचं कारण वॉशर होता. तो बदलायला अर्धा तास लागला. हे लिहिताना हात थांबतो.

लाइनवरच्या व्हॉल्व्हची चाकी काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. आता लाइन बंद करायची तर माझ्याकडे यावं लागेल, आणि बंद असेपर्यंत तेल काढायचं नाही, अमोनियाची कुठलीच लाइन उघडायची नाही. दर सोमवारी दांडा ओढून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचं आणि खाली लटकवलेल्या वहीत सही करायची. डोळे १५ मिनिटं धुवायचे असतात, म्हणजे टाकीत तेवढं पाणी हवं. टाकी फ्लोअर धुण्याच्या लाइनवर होती, तिला वेगळी जोडणी दिली. रात्री दोनला फ्लोअर धुतात, आणि तेव्हाच ती रिकामी व्हायची.

३० जानेवारी

गॅसचा सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर बसवलेला आहे. बसवणारा एलपीजीचं काम करणारा असावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. अमोनियाची वाफ हलकी असते, छताकडे जाते. सेन्सर कॉम्प्रेसरच्या वर, छताजवळ हलवला. आता हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया झाला की वाजेल. आठ तासांच्या पाळीसाठी तेवढीच मर्यादा धरतात. ३०० ला जिवाला धोका.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगायची राहिली होती. मोठी गळती झाली, द्रव अमोनिया बाहेर पडला, तर तो इतका थंड असतो, उणे ३३ अंशांना उकळणारा, की हवेतली वाफ गोठून पांढरं धुकं होतं आणि ते जमिनीलगत सरकत येतं. त्या वेळी 'हलका आहे, वर जाईल' हा हिशेब चालत नाही. त्या धुक्यावर पाण्याचा फवारा मारला की ते पाण्यात विरघळतं. पण जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी मारायचं नाही. पाणी त्याला ऊब देतं आणि तो जास्त जोरात उकळतो. तात्यांना हे पटेना. मी म्हणालो, तापलेल्या तेलात पाण्याचे थेंब पडले की काय होतं? तिथे पाणी उडतं, इथे अमोनिया. मग लगेच पटलं.

९ फेब्रुवारी

अण्णा हजर झाले. गॉगल लावून. उजव्या डोळ्याला उन्हात अजून पाणी येतं. मी आधीच ठरवलं होतं, त्यांना शॉवरचं सगळं सांगायचं. सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, चूक तुमची एकट्याची न्हाई. व्हॉल्व्ह मीबी जास्तच खोलला होता." आणि त्या पहाटेचं सगळं पहिल्यांदा सविस्तर सांगितलं.

कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं गॅसबरोबर पुढे जातं. द्रव अमोनियापेक्षा ते जड, म्हणून भांड्यांच्या तळाशी बसतं. ते वेळोवेळी काढावं लागतं, नाहीतर थंडावा कमी होतो. त्या रात्री दूध जास्त होतं. जानेवारीपर्यंत आमचा पुष्टकाळ, म्हणजे भरपूर दुधाचे महिने, टँकरमागून टँकर. आईस बँक थंड होईना, म्हणून अण्णांनी घाईत थेट ड्रेन व्हॉल्व्हमधून तेल काढायला घेतलं. तेल थंडीने घट्ट झालेलं, येईना. त्यांनी व्हॉल्व्ह अजून उघडला. तरी येईना. अजून उघडला. मग तेलाचं बूच सुटलं आणि मागून दाबाखालचा द्रव अमोनिया आला. बंद करायला हात व्हॉल्व्हवर नव्हता, डोळ्यांवर होता.

दुपारभर आम्ही दोघांनी बसून पद्धत लिहिली. अण्णा सांगत गेले, मी लिहीत गेलो. तेल आधी ऑइल पॉटमध्ये, म्हणजे तेलाच्या वेगळ्या छोट्या भांड्यात घ्यायचं. पॉटचा मुख्य भांड्याशी संबंध तोडायचा. पॉटची व्हेंट सक्शनकडे, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढून घेतो त्या बाजूकडे उघडायची आणि थांबायचं. पॉटवरचा बर्फ पूर्ण वितळेपर्यंत, म्हणजे आतला अमोनिया उडून जाईपर्यंत. त्याला दोन तास लागले तरी चालतील. मग व्हेंट बंद, आणि खालचा व्हॉल्व्ह उघडायचा. हा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा हवा, म्हणजे हात सोडला की आपोआप बंद होणारा. माणसं दोन, एकाने काढायचं आणि दुसऱ्याने शॉवरपाशी उभं राहायचं. तोंडावर पूर्ण मास्क, कोपरापर्यंत हातमोजे. आणि तेल फक्त दिवसा काढायचं, रात्री नाही, दूध कितीही असो.

शेवटचं वाक्य अण्णांचं. मी फक्त अक्षर काढलं.

स्प्रिंगच्या व्हॉल्व्हची मागणी साहेबांकडे दिली.

४ मार्च

राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. दरवर्षी आमच्याकडे शपथ, बिल्ला आणि चहा. यंदा शपथ घेतली आणि मग बीए सेट मैदानात आणले.

सिलिंडर सहा लिटरचा, ३०० बार दाबाने भरलेला, म्हणजे १,८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं, असं पुस्तक सांगतं. सेट घालून कंडेन्सरच्या जिन्यावर पाने (स्पॅनर) घेऊन चढ-उतार करायला लावली. तरण्या ऑपरेटरची, हवा संपत आल्याची शिट्टी २४ मिनिटांत वाजली. अण्णा दमाने काम करणारे, त्यांची ३१ मिनिटांत. शिट्टी वाजली की काम अर्धवट टाकून बाहेर यायचं. तेव्हा आमच्यासाठी आकडा २० मिनिटं. सेटच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने २० लिहिलं.

घालायला पहिल्या वेळी सरासरी सहा मिनिटं लागली. एकाने तर हवेचा नळ उघडायच्या आधीच मास्क चढवला आणि घाबरून ओढून काढला. बरं झालं, मैदानात झालं.

पेटी आता कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर, पण दाराला लागून नाही. दारातूनच गळती येईल. गेटच्या बाजूच्या भिंतीवर, कुलूप नसलेल्या काचेच्या कपाटात.

कॅनिस्टरचे हिरवे मास्क चार आहेत, त्यातले तीन मुदत संपलेले. ते फेकले. आणि एक नीट सांगितलं : कॅनिस्टर हवा तयार करत नाही, फक्त गाळतो. जिथे गॅस दाट, तिथे त्याचा उपयोग नाही. ओला टॉवेल पळण्यापुरता. टॉवेल बांधून कुणीही आत जायचं नाही. आमच्या जुन्या लोकांना ती सवय आहे, आणि त्यांना वाटतं ते धाडस आहे. मला त्यांना गमवायचं नाही.

१७ मार्च

तरण्या ऑपरेटरने नवसाची दाढी ठेवली आहे. दाढीवर मास्कची रबरी कड बसत नाही, फटीतून गॅस आत येतो. हे सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, म्हणून एकट्याला बोलावलं. नवस कधी फिटणार विचारलं. "चैत्रात, जोतिबाच्या यात्रेला." मग तोपर्यंत बीए सेट त्याला नाही. तो यंत्रं बंद करायचं बाहेरचं स्टॉप बटण दाबणार, भोंगा फिरवणार, फोन करणार. त्या रात्रपाळीला पाश्चरायझरवरच्या एकाला सेट शिकवला. हे असंच बरं पडलं. सेट घालणारा एक माणूस वाढला.

१४ एप्रिल

अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. सकाळच्या पाळीला एवढंच सांगितलं आणि दोन मिनिटं उभे राहिलो.

दुपारी शॉवर तपासला. सोमवार नव्हता, पण ऊन बघून शंका आली. पाणी इतकं तापलेलं की हात धरवेना. गच्चीवरची काळी पाईप दिवसभर उन्हात. अशा पाण्याखाली कोण १५ मिनिटं डोळे धरेल? पाईपला जुन्या इन्सुलेशनचं कवच केलं, टाकीवर पत्र्याची सावली. दर सोमवारी सकाळी सही करताना हे कधी कळलं नसतं. तपासणीची वेळ आता दुपारी दोनची.

७ मे

मतदानाचा दिवस. माणसं मतदानाला जाणार, दूध येणारच. पाळीत तीनच जण कमी होते, पण त्यात सेट घालणारे दोघंही होते. हजेरी लावताना हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आता पाळीचा तक्ता लावताना सेट घालणाऱ्यांच्या नावापुढे लाल टिंब. प्रत्येक पाळीत किमान दोन टिंबं, नाहीतर रजा मंजूर नाही. साहेबांनी हे मान्य केलं, आणि स्प्रिंगचा व्हॉल्व्हही आज आला. तीन महिने लागले.

१८ मे, रात्री ३.१०

भिंतीपलीकडे उसात बॅटऱ्या हलताना दिसल्या. शेतीच्या विजेची या आठवड्यात रात्रीची पाळी आहे, माणसं पाणी पाजायला आलेली. आमच्या आराखड्यात पूर्वेला 'मोकळी शेतजमीन' लिहिलं आहे. दिवसा ती मोकळी असते.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांकडे गेलो. त्या बाजूला सात घरं आहेत आणि रात्री पाणी पाजणारे पाच-सहा जण. त्यांचे फोन नंबर घेतले. पाटील म्हणाले, "इतकी वर्षं वास येतोय, पहिल्यांदाच कुणी सांगायला आलं." मला काही बोलता आलं नाही. भोंग्याचा अर्थ त्यांना सांगितला. एकसारखा लांब म्हणजे आग. तुटक तुटक म्हणजे गॅस : उसातून बाहेर या, वारा आडवा धरून चाला, वाऱ्याबरोबर पळू नका.

११ जून

पाऊस आला आणि वारा फिरला. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून येतो, तेव्हा कॉम्प्रेसर रूमच्या पूर्वेचं लिंबाचं झाड जमायला योग्य होतं. आता वारा पश्चिमेचा. म्हणजे 'येथे जमा व्हा' ही आमची पाटी आता बरोबर गॅसच्या वाटेवर. इतकी वर्षं तशीच उभी आहे.

दोन जागा केल्या : लिंबाखाली आणि पश्चिमेला गेटजवळ. कुठली, हे वाऱ्याची पिशवी बघून ठरवायचं. पिशवी नवी आणली, भगव्या रंगाची. रात्री ती दिसेना, म्हणून तिच्यावर दिवा टाकला. आणि तो इन्व्हर्टरवर घेतला, कारण गळतीत आपण सगळ्यात आधी वीजच तोडतो. याच कारणाने विजेच्या भोंग्याशेजारी हाताने फिरवायचा भोंगा लावला.

२५ जून, रात्री १.३०

रात्रीची मॉक ड्रिल. फक्त पाटलांना आणि साहेबांना माहीत. सेट घालायला एक मिनिट ५० सेकंद. हजेरी मोजायला चार मिनिटं, कारण टँकरचा ड्रायव्हर केबिनमध्येच झोपलेला राहिला. त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. आता गेटवर गाडीची किल्ली ठेवून पितळी बिल्ला द्यायचा. हुकावर किल्ली आहे, म्हणजे माणूस आत आहे.

१० जुलै

काल रात्री खरंच झालं. १.५० ला सेन्सर वाजला. रिसीव्हरपुढच्या लाइनवरच्या व्हॉल्व्हची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीची पॅकिंगची जागा, गळत होती. अण्णा वारीला गेलेले. पाळीत दोन टिंबं : तरणा ऑपरेटर, आता दाढी नसलेला, आणि पाश्चरायझरवरचा. बाहेरून स्टॉप दाबला, तुटक भोंगा, हमाल पश्चिमेच्या गेटला. दोघं सेट घालून आत गेले, रिसीव्हरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, नऊ मिनिटांत बाहेर. कुणालाही काही झालं नाही. मी पोचलो तेव्हा पोरगा पायरीवर बसून पाणी पीत होता. त्याचे हात थरथरत होते. त्याच्याजवळ बसलो.

काय चुकलं, तेही लिहितो. सात घरांपैकी एकाचा फोन बंद होता. पाटलांचा मुलगा पळत गेला, म्हणून कळलं. आणि भोंगा चालू असतानाच बाहेरून दुधाचा टँकर आला आणि वॉचमन मामांनी रोजच्या सवयीने गेट उघडलं. गाडी डॉकपर्यंत गेली. ड्रायव्हरने वास घेऊन मागे घेतली, म्हणून बरं. मामांची यात चूक नाही. आतल्यांनी बाहेर कसं यायचं, हे मी सहा महिने शिकवलं. बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही, हे कुणालाच सांगितलं नाही.

सकाळी गंधकाची कांडी पेटवून सगळ्या ग्लँड तपासल्या. पांढरा धूर अजून दोन ठिकाणी दिसला. पॅकिंग बदललं.

१५ जुलै

गेटवर लाल दिवा, स्टॉपच्या बटणालाच जोडलेला. स्टॉप दाबला की दिवा लागतो. दिवा लागलेला असताना साखळी काढायची नाही, खुद्द साहेबांची गाडी आली तरी. साहेबांनी स्वतः गाडी आणून मामांची परीक्षा घेतली. मामांनी साखळी काढली नाही.

सात घरांना आता प्रत्येकी दोन नंबर. जुलैचा फॉर्म ब झाला, सिलिंडर वजन करूनच.

२२ जुलै

सोमवार. अण्णा पंढरपूरहून आले, प्रसाद वाटला. ग्लँडचं सगळं ऐकून घेतलं. मग कुणी सांगायच्या आधी शॉवरपाशी गेले, गॉगल काढला, दांडा ओढला आणि पाण्याखाली हात धरून उभे राहिले. वहीत सही केली. पुढच्या रकान्यात लिहिलं : पाणी थंड, जोर बरोबर.

बाकी : पूर्वेच्या भिंतीवर फवाऱ्याची लाइन. पाण्याचा पंप कमी पडतो, दर मागवलेत.